हरवलेले मांजर

आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी आम्ही तिघेजण जमतो. एक मी. दुसरा माझा जुना विद्यार्थी. तो औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रात्रपाळी करतो आणि पाळी संपली की तसाच इकडे येतो. तिसऱ्या वाचनालयाच्या बाई. 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्या डोक्यावरच लावलेली आहे, आणि त्या पाटीखाली बसून सर्वांत मोठ्याने बोलतात त्या बाईच. गेली दोन वर्षे आमचा वाद एकाच प्रश्नावर अडून बसला आहे. हारुकी मुराकामी या जपानी लेखकाच्या कथा श्रेष्ठ की कादंबऱ्या?

कृष्णाकाठच्या लहानशा गावात बसून जपानी लेखकाची ही उठाठेव कशाला, असे कोणाला वाटेल. पण लेखक कुठला, हे वाचणाऱ्याच्या फार वेळ ध्यानात राहत नाही. पहिली दहा पाने तो परका असतो. मग तो आपल्याच आळीत राहायला येतो. शिवाय या लेखकाच्या वाचकांत हे दोन पक्ष सगळीकडेच आहेत. एखादी कथा वाचून जो त्याच्या नादी लागतो, तो कादंबरीच्या मध्यावर दमतो. आणि ज्याने सुरुवातच सहाशे पानांनी केली, त्याला कथा म्हणजे चहा न देता दारातूनच वाटेला लावल्यासारखी वाटते.

मी पहिल्यापासून कथेच्या बाजूचा. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी परीक्षा दिली तेव्हा सगळे तिला दहावी म्हणत होते, पण वडील शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत राहिले आणि माझ्याही तोंडी तोच शब्द बसला. पुढे चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम केला, आणि आता वीस वर्षांवर मुलांना चित्रकला शिकवतो आहे. जपानी भाषेशी माझा संबंध नाही. मुराकामी मी वाचला तो इंग्रजी भाषांतरातून, शेजारी शब्दकोश ठेवून. पंधरा पानांची कथा दोन रात्रींत संपते. सहाशे पानांची कादंबरी सहामाही परीक्षेपासून वार्षिक परीक्षेपर्यंत पुरते. इतके हळू वाचणाऱ्याचा जीव कथेवर जडला तर त्यात नवल नाही.

पण हे सांगण्यापुरते कारण झाले. खरे कारण निराळे आहे आणि त्यासाठी मला जरा आडवाटेने जावे लागेल.

मुराकामीचा जन्म १९४९ चा, क्योतो शहरातला. तो वाढला कोबेच्या परिसरात. १९७४ साली त्याने तोक्योत जॅझ संगीताचा एक बार काढला आणि काही वर्षे तो आपल्या बायकोबरोबर चालवला. १९७८ च्या एप्रिलात बेसबॉलचा सामना बघत बसला असताना, चेंडूवर बसलेल्या फटक्याचा आवाज ऐकून आपण कादंबरी लिहू शकू असे त्याच्या मनात आले, ही हकीकत त्याने स्वतःच सांगून ठेवली आहे. १९७९ साली पहिली कादंबरी निघाली. तेव्हापासून तो कथा आणि कादंबरी अशी दोन्ही लिहीत आला आहे. आपल्या कथांच्या एका इंग्रजी संग्रहाच्या प्रस्तावनेत तो कादंबरीला रानाची उपमा देतो आणि कथेला बागेची. म्हणजे त्याच्यापुरता आमचा वाद केव्हाच मिटलेला आहे. रान लावणाऱ्याने बाग लावू नये, असे थोडेच आहे?

पण त्याला एक खोड आहे आणि तिच्यामुळे आमचा वाद मिटत नाही. बागेतले रोप उपटून तो रानात नेऊन लावतो. कथा लिहून होते, छापून होते, लोक वाचून विसरतात; आणि काही वर्षांनी तीच कथा उकरून काढून तो तिची कादंबरी करतो. त्यामुळे त्याच्या वाचकाची मोठी सोय झाली आहे. एरवी कथा आणि कादंबरी यांची तुलना म्हणजे तुळस आणि वड यांची तुलना. येथे बी एकच आहे. कुंडीत ते कसे वाढले आणि रानात कसे वाढले, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येते.

त्याची 'काजवा' नावाची एक कथा आहे, १९८३ सालची. (नावे मी माझ्या मराठीत सांगतो आहे.) तोक्योच्या वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी. त्याच्या मित्राने आत्महत्या केलेली. त्या मित्राची मैत्रीण त्याला पुन्हा भेटते आणि दोघे रविवारी शहरातून नुसते चालत राहतात. मग ती मुलगी कॉलेज सोडते आणि क्योतोच्या डोंगरातल्या एका आरोग्यधामात निघून जाते. ती गेल्यावर खोलीतला सोबती या मुलाला बाटलीत घातलेला एक काजवा देतो. मुलगा वसतिगृहाच्या गच्चीवर जातो आणि काजवा सोडून देतो. कथा संपली. तिच्यात कोणालाही नाव नाही.

चार वर्षांनी, १९८७ साली, याच कथेची 'नॉर्वेजियन वुड' ही कादंबरी झाली. एक भाग लाल वेष्टनात आणि एक हिरव्या, असे तिचे दोन भाग निघाले, लाखो प्रती खपल्या आणि लेखकाला आपल्याच देशात राहणे अवघड झाले. कादंबरीत सगळ्यांना नावे मिळाली. त्या मुलीचे नाव नाओको. आपण तिच्यामागून त्या डोंगरात जातो, तिथला दिनक्रम पाहतो, तिच्या मनात काय चालले आहे ते थोडे थोडे आपल्याला कळते. आणि शेवटाकडे ती जीव देते.

माझ्या विद्यार्थ्यापुढे मी पहिल्यापासून हाच हुकमाचा पत्ता टाकीत आलो. मी म्हणत असे, "अरे, कथेत ती मुलगी जिवंत आहे. ती डोंगरात गेली आहे, एवढेच. कथा संपली तरी ती तिथे आहे. कादंबरीने काय केले? नाव दिले, चेहरा दिला, चारशे पाने दिली आणि मारून टाकले. सगळे सांगायला बसले की माणूस मरतो."

वर्गात मी मुलांना लहान चित्र मोठे करायला शिकवतो. लहान चित्रावर एकेका सेंटिमीटरच्या चौकटी आखायच्या, मोठ्या कागदावर पाच-पाच सेंटिमीटरच्या, आणि एका चौकटीतली रेघ दुसऱ्या चौकटीत उचलून न्यायची. रीत सोपी आहे, पण एका जागी मुले हमखास अडतात. लहान चित्रात घराची खिडकी म्हणजे नुसता एक काळा ठिपका असतो. तेवढ्याने ती खिडकी होते. मोठ्या कागदावर तो ठिपका बोटभर होऊन बसतो आणि आता तो खिडकीसारखा दिसत नाही. मग मुले हात वर करून विचारतात, "सर, खिडकीत काय काढू?" मी सांगतो, "गज काढा. पडदा काढा. आत दिवा काढा." मुले काढतात. खिडकी भरते. मूळ चित्रात त्या ठिपक्यामागे जे काही होते, ते तेवढे निघून जाते.

ही खिडकी मी स्वतः एकदा भरलेली आहे. ते आता सांगतो.

२००३ च्या श्रावणात एका सकाळी माझा थोरला भाऊ सायकल घेऊन घराबाहेर पडला आणि परत आला नाही. तेव्हा तो चौतिशीत होता. भांडण नाही, चिठ्ठी नाही. संध्याकाळी एसटी स्टँडच्या बाहेर, जिथे सायकली लावतात तिथे, त्याची सायकल मिळाली. व्यवस्थित कुलूप लावलेली. किल्ली अर्थात त्याच्या खिशात. पोलिसांत वर्दी दिली, मिरज-सोलापूर-पंढरपूर पालथे घातले, वर्तमानपत्रात फोटो दिला. काही हाती लागले नाही. कुलूप तोडू नका, असे वहिनींनी बजावले, म्हणून मी आणि एक शेजारी अशा दोघांनी ती सायकल मागचे चाक उचलून घरी आणली आणि मागच्या दारी भिंतीला टेकवून ठेवली. ती अजून तिथेच आहे. कुलपासकट.

सहा वर्षांनी मी यावर एक कथा लिहिली. आठ पाने. तिच्यात एवढेच होते : दोन माणसे एक कुलूपबंद सायकल उचलून घरी आणतात आणि भिंतीला टेकवून ठेवतात. माझे आजवर छापून आलेले सर्वांत बरे लिखाण तेच, असे अजूनही मला वाटते. वहिनींनी तो दिवाळी अंक कपाटात लुगड्यांच्या घडीत ठेवून दिला. त्यांनी कथेविषयी चांगले-वाईट काही म्हटले नाही. पण अंक त्यांनी रद्दीत जाऊ दिला नाही.

सात वर्षे ज्याची खबरबात नाही असा माणूस मृत धरता येतो, अशी कायद्यात तरतूद आहे. २०१० साली पोस्टातल्या पैशांच्या निमित्ताने एका वकिलांनी वहिनींना ते समजावून सांगितले. वहिनींनी सही केली नाही. "पैसे राहू देत तिथंच," म्हणाल्या. जे वकिलांना जमले नाही ते पुढे मी केले. २०१६ साली त्या कथेची मी कादंबरी केली. दोनशे साठ पानांची. मोठ्या कागदावर आलो होतो. खिडकीत काहीतरी काढणे भाग होते. मी कर्ज काढले, दुकानातला एक अपमान काढला, पंढरपुरातली दोन वर्षे काढली आणि शेवटी एका धर्मशाळेच्या ओसरीवर त्याला मरण दिले. ते प्रकरण लिहिताना मी रडलोही होतो. पात्राचे नाव बदलले होते, गाव बदलले होते. पण सायकल तीच होती.

कादंबरीवर दोन ठिकाणी बरे लिहून आले. आणि गावाने ती आपल्या पद्धतीने वाचली. धाकट्या भावानेच लिहिले आहे, तेव्हा त्याला काही कळले असणार, असे लोकांनी धरले. पुढच्या संक्रांतीला समोरच्या घरचे हळदीकुंकवाचे बोलावणे वहिनींना आले नाही. तेरा वर्षे येत होते. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखे कुंकू लावले, नेहमीसारखे नवे लुगडे नेसल्या आणि दार लोटून घरातच बसल्या. रात्री जेवायला वाढताना त्या मला एवढेच म्हणाल्या :

"गोष्टीत तुम्ही सायकल भिंतीला टेकवून ठेवलीत, ते बरं होतं, भाऊजी. पुस्तकात मला न विचारता त्यांना पोचवून आलात."

त्या दिवसानंतर मी कादंबरी लिहिलेली नाही. त्यामुळे 'काजवा' थोर आणि 'नॉर्वेजियन वुड' नुसती लोकप्रिय, असे जेव्हा मी वाचनालयात ठासून सांगत होतो, तेव्हा मी मुराकामीविषयी बोलतच नव्हतो. मी माझ्या वतीने कबुलीजबाब देत होतो. वाचक दोन पुस्तकांची तुलना करतो तेव्हा त्याच्या हातात एक तिसरे पुस्तकही असते. ते त्याने टेबलाखाली धरलेले असते.

बाईंचा पक्ष वेगळाच आहे. त्यांना या लेखकाच्या कादंबऱ्या मुळीच सोसत नाहीत, पण कोबेच्या भूकंपानंतर त्याने लिहिलेल्या सहा कथा त्यांना तोंडपाठ असल्यासारख्या आहेत. तो भूकंप १७ जानेवारी १९९५ चा. सहा हजारांवर माणसे दगावली. मुराकामीचे बालपण त्याच भागात गेलेले. त्यावर त्याने जो कथासंग्रह केला, तो २००० साली निघाला. गंमत अशी की त्यातली एकही कथा ढिगाऱ्यात नेऊन उभी करीत नाही. माणसे दूर कुठेतरी आहेत. भूकंप त्यांना बातमीत दिसतो आणि त्यांच्या आयुष्यातला एखादा चिरा हलतो. बाईंची लाडकी कथा बेडकाची. बँकेच्या थकलेल्या कर्जांची वसुली करणारा एक साधा माणूस घरी येतो तो एक माणसाहून उंच बेडूक त्याची वाट पाहत बसलेला. तोक्योखाली एक प्रचंड किडा जागा होतो आहे, तो शहर उलथून टाकील, त्याच्याशी लढायला तुम्ही माझ्याबरोबर चला, असे तो सांगतो. लढाई होते, शहर वाचते, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. "आख्खा भूकंप त्यानं तीस पानांत बसवला," बाई म्हणतात, "तुम्हाला आणखी काय पाहिजे?" यावर मी मान डोलावीत असे. माझीच बाजू त्या मांडीत होत्या.

विद्यार्थी मात्र मान डोलवायचा नाही. शाळेत असताना तो माझ्या वर्गात चित्रे काढण्यापेक्षा खिडकीबाहेर जास्त बघत असे. मुराकामीची पुस्तके गावात आणली ती त्याने. पुण्याच्या रद्दीवाल्याकडून एकेक करून. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी, मी नाओकोचे पुराण नव्याने लावले तेव्हा, तो म्हणाला,

"सर, एक विचारू? किल्ली देणाऱ्या पक्ष्याच्या गोष्टीत मांजराचं काय होतं?"

ही दुसरी जोडी. १९८६ सालची एक कथा आहे. नोकरी सोडून घरी बसलेला एक माणूस स्पॅगेटी शिजवीत असताना त्याला एका अनोळखी बाईचा फोन येतो. बायकोचे मांजर हरवलेले आहे. ते शोधायला तो घरामागच्या बोळात जातो, एका मुलीशी बोलतो, तिच्या अंगणात त्याचा डोळा लागतो. मांजर मिळत नाही. बायको त्याला म्हणते, तूच त्याला मारलेस. फोन पुन्हा वाजतो, तो कोणी उचलीत नाही. संपली कथा. या कथेचे पुढे, १९९४-९५ साली, तीन भागांचे एक भले मोठे पुस्तक झाले. त्याला मी 'किल्ली देणाऱ्या पक्ष्याची बखर' म्हणतो. ती कथा या बखरीचे पहिले प्रकरण होऊन बसली आहे.

"मिळत नाही मांजर," मी म्हणालो.

"गोष्टीत मिळत नाही, सर. बखरीत मिळतं. वर्षानं. आपल्या पायानं घरी येतं."

मी गप्प झालो. बखर मी वाचली होती, पण निम्मी. मांजर परत येईपर्यंत मी थांबलोच नव्हतो.

तो पुढे म्हणाला, "तुम्ही म्हणता सगळं सांगायला बसलं की माणूस मरतो. मग हे कसं आलं परत? मला लांब पुस्तक लागतं सर. माझी रात्र लांब असते. गोष्ट अकराला संपते, मग सकाळी सातपर्यंत मी काय करू?"

ती बखर मी त्याच्याकडून मागून आणली आणि या वेळी शेवटपर्यंत वाचली. पाच महिने लागले. मांजर हरवल्यावर थोड्याच दिवसांत त्या माणसाची बायकोही घर सोडून जाते. कामावर म्हणून जाते आणि येत नाही. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून मागच्या दारी जाऊन आलो. मग पुन्हा उघडले. तो माणूस काय करतो? शेजारच्या ओसाड घरात एक कोरडी विहीर आहे. तिच्यात दोर सोडून तो उतरतो आणि तळाशी अंधारात बसून राहतो. पानेच्या पाने बसून राहतो. अधूनमधून लोक येऊन त्याला आपापल्या कहाण्या सांगतात. एक म्हातारा लष्करी अधिकारी १९३९ च्या सुमाराची, मंगोलियाच्या सरहद्दीवरची हकीकत सांगतो, त्यालाही तिथे एका कोरड्या विहिरीत टाकले होते. या कहाण्यांचा बायकोच्या जाण्याशी काय संबंध, हे नीटसे कळत नाही. पहिल्या वाचनात मी याच ठिकाणी कंटाळलो होतो. कथालेखकाने हे सगळे छाटले असते, असे मी समासात लिहूनही ठेवले होते.

या वेळी मला ते निराळे दिसले. ज्याचे माणूस निघून गेले आहे, त्याच्याकडे लोक असेच येतात आणि आपल्याच कहाण्या सांगतात. वहिनींकडे वीस वर्षे बायका येताहेत आणि आपापल्या हरवलेल्या माणसांविषयी बोलताहेत; कोणाचा मुलगा मुंबईला गेलेला, कोणाची बहीण सासरी बोलेनाशी झालेली. वहिनी भाजी निवडता निवडता ऐकतात. तेच त्यांचे विहिरीत बसणे. आठ पानांच्या कथेत मला ते दाखवता आलेच नसते. दोनशे साठ पानांत दाखवता आले असते, आणि तिथे मी काय केले? पंढरपूरला पळालो. ज्या घरात ती बाई बसून होती, ते घरच मी सोडून दिले आणि मेलेल्या माणसाचा माग काढीत निघालो, कारण त्यात घडामोडी होत्या.

आणि बखरीच्या शेवटीही बायको घरी आलेली नाही. मांजर आले आहे. बायको कुठे आहे ते कळले आहे; ती तुरुंगात आहे, तिच्यावर खटला व्हायचा आहे, आणि तो माणूस तिची वाट पाहणार आहे. लेखकाने त्याला परत दिले ते एवढेच : एक मांजर आणि वाट पाहण्याचे बळ.

तेव्हा माझा हुकमाचा पत्ता फुकट गेला. एकाच लेखकाने एक कथा वाढवली तेव्हा त्यातली मुलगी मेली आणि दुसरी वाढवली तेव्हा त्यातले मांजर परत आले. लांबीचा यात दोष नाही. मोठ्या कागदावरही खिडकी काळी ठेवता येते. फक्त तेवढा काळा रंग भरायला वेळ फार लागतो आणि हात भरून येतो. माझा हात भरून आला होता. मी गज आणि पडदा काढून मोकळा झालो, आणि नंतर सगळा दोष कागदाच्या आकारावर घातला.

मुराकामीलाही हे एका बैठकीत जमलेले नाही, हे मला नंतर समजले आणि थोडा धीर आला. १९८० साली त्याने भिंतीने वेढलेल्या एका शहराची दीर्घकथा एका मासिकात छापली होती. ती त्याला इतकी अपुरी वाटली की कधी पुस्तकात येऊ दिली नाही. १९८५ साली तिच्यातले शहर घेऊन त्याने एक मोठी कादंबरी केली. तरीही मनातले गेले नाही. २०२० साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तो पुन्हा त्याच शहरापाशी गेला आणि २०२३ साली 'ते शहर आणि त्याच्या डळमळीत भिंती' अशा अर्थाच्या नावाने नवी कादंबरी आली. सतरा वर्षांच्या मुलाची आवडती मुलगी नाहीशी होते, त्याचीच ही गोष्ट. चाळीस वर्षांवर काळ गेला. त्या मुलीला त्याने घरीही आणून सोडले नाही, आणि पोचवूनही आला नाही.

उलट बाजूचाही एक दाखला आहे. १९८३ सालची त्याची एक कथा, आंधळी विलो झाडे आणि झोपलेली बाई यांची. भूकंपाच्या वर्षी कोबे आणि आशिया या गावी तो आपल्या कथा वाचून दाखवायला गेला, तेव्हा ही कथा मोठ्याने वाचायला लांब होईल म्हणून त्याने बरीच छाटली. घरे पडलेल्या माणसांपुढे बसून वाचायची, तर किती ठेवावी आणि किती काढावी, हे त्याला समोरच्या माणसांकडे बघून ठरवावे लागले. मला वाटते, आमच्या वादाचे उत्तर असले तर ते याच्या आसपास आहे. किती पाने, हे शेवटी कोणापुढे बसून सांगायचे आहे यावर ठरते.

या गणेशोत्सवात एका रात्री वहिनी मोदकांसाठी नारळ खोवीत बसल्या होत्या. "काय वाचता हो एवढं रोज?" त्यांनी विचारले. गेल्या आठ-नऊ वर्षांत माझ्या लिहिण्यावाचण्याविषयी त्या प्रथमच बोलल्या. मी त्यांना हत्तीची गोष्ट सांगितली. ही १९८५ सालची कथा. तोक्योच्या एका उपनगरात प्राणिसंग्रहालय बंद पडते, आणि उरलेला एक म्हातारा हत्ती गाव सांभाळायला घेते. एक दिवस तो हत्ती आणि त्याला सांभाळणारा म्हातारा, दोघेही नाहीसे होतात. पायातले कडे कुलपासकट तसेच. कुंपण तसेच. पावले नाहीत. गोष्ट सांगणाऱ्या माणसाने आदल्या रात्री टेकडीवरून एवढेच पाहिलेले असते की हत्ती लहान आणि म्हातारा मोठा होत चालल्यासारखा, किंवा दोन्ही, दिसत होता.

"कुलूप तसंच होतं?" वहिनींनी विचारले.

"तसंच."

"मग पुढं? मिळाला?"

"नाही. संपली गोष्ट."

त्या थोडा वेळ खोवत राहिल्या. मला वाटले, आता म्हणतील, बरे झाले, इथेच ठेवली ते. मी त्याचीच वाट पाहत होतो. पण त्या म्हणाल्या,

"आणि त्या म्हाताऱ्याच्या घरी कोण होतं?"

मी आठवून पाहिले. त्या म्हाताऱ्याच्या घरचे कोणी मला गोष्टीत भेटल्याचे आठवेना. तसे मी सांगितले.

"असणारच कुणीतरी," वहिनी म्हणाल्या. "हत्तीचं सगळ्यांनी विचारलं असेल. त्यांचं कुणी विचारलं का, ते बघा."

रविवारी वाचनालयात मी हे सांगितले. बाई म्हणाल्या, कथा तेवढीच चांगली, तिला हात लावू नका. विद्यार्थी काही बोलला नाही. रात्रभर जागून आलेला होता. वाद अर्थातच सुटला नाही.

घरी येऊन मी एक नवी वही काढली. पहिल्या पानावर फक्त मागचे दार आहे आणि भाजी निवडीत बसलेली एक बाई. ही कथा होईल की कादंबरी, मला माहीत नाही. एवढे ठरवले आहे की ती संध्याकाळी वहिनींना वाचून दाखवायची आणि त्या थांबा म्हणतील तिथे थांबायचे. बखर अजून माझ्याकडेच आहे. ज्याची आहे तो मागत नाही.